गोव्यात पोलिसांनी मारहाण केली, डांबून ठेवलं किंवा तक्रारच घेतली नाही तर काय करायचं: पहिल्या रात्रीपासून हायकोर्टापर्यंत

ज्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच पोलिसांविरुद्ध तक्रार करायची वेळ आलीय आणि सुरुवात कुठून करायची हेच कळत नाहीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी वकील नाही. माझ्या आतेभावाला उत्तर गोव्यातल्या एका पोलीस स्टेशनवरून फोन आला की जरा येऊन जा, पाच मिनिटांचं काम आहे. भाड्याच्या गाडीवरून कुणाशी तरी वाद झाला होता तेवढंच. तो गेला, त्याला रात्रभर बाकड्यावर बसवून ठेवलं, मारलं, सकाळी सोडून दिलं, आणि नंतर कळलं की स्टेशनच्या कागदावर तो त्या रात्री तिथे आलेलाच नाही. अटक नाही, नोंद नाही, काहीच नाही. पुढची सगळी धावपळ मी केली, तेव्हा जे जे कळत गेलं ते खाली क्रमाने देतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्यावर अन्याय झाला हे सगळ्यांना मान्य असतं, गल्लीतल्या माणसांपासून स्टेशनमधल्या चांगल्या हवालदारापर्यंत, पण कागद नसेल तर कुणाचंच काही चालत नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर मी एकच विचारणार आहे, यातून तुमच्या हातात कुठला कागद आला?

१. "जरा स्टेशनवर येऊन जा" असा फोन आला तर

फोनवर बोलावणं म्हणजे कायदेशीर बोलावणं नव्हे. अटकेची गरज नसलेल्या प्रकरणात पोलिसांना तुमची चौकशी करायची असेल तर त्यांनी लेखी नोटीस द्यायची असते, पूर्वी ही ४१-ए ची नोटीस म्हणून ओळखली जायची, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि आता ती कलम ३५(३) खाली येते. फोन आला तर शांतपणे म्हणा, साहेब नोटीस पाठवा, मी येतो. उद्धटपणा नको, आवाज चढवू नका, पण हे म्हणा. साक्षीदार म्हणून बोलावत असतील तर कलम १७९ प्रमाणे बायका, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरची माणसं, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना स्टेशनवर यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी येऊन विचारायचं. हे आमच्याकडे किती जणांना माहीत असतं? म्हातारी माणसं काठी टेकत टेकत स्टेशनवर जाऊन तासन्‌तास बसलेली मी स्वतः पाहिलीयत.

जायचंच झालं तर एकटे जाऊ नका. निघण्यापूर्वी दोघातिघांना व्हॉट्सॲपवर मेसेज टाका, कुठल्या स्टेशनला, कुणी बोलावलं, किती वाजता निघालो. हा मेसेज पुढे पुरावा होतो. आमच्या प्रकरणात रात्री ८ च्या सुमाराला त्याने बायकोला टाकलेला "पोचलो, आत बसवलंय" एवढाच मेसेज होता, पण तो इथे आलाच नव्हता या म्हणण्याला पहिला धक्का त्या एका मेसेजने दिला.

अटक केली तर कारण सांगायला हवं, घरच्यांना किंवा तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवायला हवं, अटकेचा मेमो बनवून त्यावर साक्षीदाराची सही आणि तुमची सही हवी, पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी दिसायला हवी, चौकशीच्या वेळी वकिलाला भेटू द्यायला हवं (पूर्ण वेळ शेजारी बसू देतीलच असं नाही), आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला हवं. यातल्या बऱ्याचशा गोष्टी सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात घालून दिल्या आणि आता त्या कायद्यातच आहेत. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही, अगदीच अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यायची.

मॅजिस्ट्रेटपुढे उभं केल्यावर ते विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? बहुतेक जण घाबरून "नाही" म्हणतात कारण ज्याने मारलं तोच मागे उभा असतो. ती वेळ सोडू नका. तिथे बोललात तर ते कोर्टाच्या नोंदीत येतं, आणि तिथे "नाही" म्हटलंत की पुढच्या प्रत्येक ठिकाणी तेच तुमच्यापुढे धरलं जातं.

२. सुटल्यावर आधी इस्पितळ, मग घर

इथेच सगळ्यात जास्त माणसं चुकतात. सुटलेला माणूस घरी येतो, आंघोळ करतो, झोपतो, आई हळद लावते, आणि दोन दिवसांनी कुणीतरी सांगतं की तक्रार कर. तोवर सूज उतरलेली असते. थेट सरकारी इस्पितळात जा, म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, मडगावचं जिल्हा इस्पितळ नाहीतर बांबोळीचं गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, जे जवळ पडेल ते. कॅज्युअल्टीत डॉक्टरना स्पष्ट सांगा की मारहाण झालीय, पोलिसांनी केलीय, अमुक स्टेशनवर, अमुक वेळी, आणि मेडिको-लीगल केस म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी केस म्हणून नोंद करा. नुसतं "पडलो" म्हणालात तर केस पेपरवर पडलो असंच लिहिलं जाईल आणि तो कागद कायमचा तुमच्या विरोधात जाईल.

डॉक्टर घाईत असतात, कधीकधी त्यांनाही पोलिसांशी वाकडं नको असतं. तरी चिकाटीने सांगा की प्रत्येक जखम वेगळी लिहा, शरीरावर कुठे, किती लांब, कुठल्या रंगाची. पायाच्या तळव्यावर मारलं असेल तर बूट काढून दाखवा, कारण तळवे कुणी आपणहून बघत नाही आणि वळ तिथे लवकर दिसतही नाहीत. माझ्या आतेभावाच्या मांडीमागे पट्ट्याचा वळ होता, पहिल्या रात्री नुसता लालसर, दुसऱ्या दिवशी जांभळा आणि नंतर हिरवट पिवळा. म्हणून रोज फोटो काढा, एक जवळून आणि एक चेहऱ्यासकट दुरून, शेजारी मोजपट्टी ठेवून. फोनवरची मूळ फाईल तशीच ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत बारीक होते आणि तिच्यातली वेळेची माहिती उडते. ज्या फोनने फोटो किंवा व्हिडिओ काढला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, कोर्टात असा पुरावा द्यायचा तर नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन असेल तर ते सोपं जातं.

हातात आलेला कागद: केस पेपर आणि जखमांच्या नोंदीची प्रत.

३. त्याच दिवशी सगळं लिहून काढा

वहीत, हाताने, मराठीत. किती वाजता गेलो, गेटवर कोण होतं, कुठल्या खोलीत बसवलं, भिंतीवर काय होतं, कोण काय बोललं, कुणी मारलं, कशाने मारलं, पाणी मागितलं तेव्हा काय झालं, आणखी कोण कोण बसलेलं होतं. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा, खांद्यावर किती स्टार होते, जीपचा नंबर काय. आठवत नसेल तिथे "आठवत नाही" असं लिहा आणि अंदाजाने भर घालू नका, कारण एक गोष्ट खोटी ठरली की उरलेल्या नऊ खऱ्या गोष्टींवरचा विश्वास जातो.

४. सीसीटीव्ही, आणि हे आठवड्याच्या आत

सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस स्टेशनला आत-बाहेर कॅमेरे लावायला सांगितले, गेट, लॉकअप, कॉरिडॉर, रिसेप्शन, इन्स्पेक्टरची खोली सगळीकडे, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, ते जमत नसेल तर जास्तीत जास्त जमेल तितकं पण एक वर्षापेक्षा कमी नाही. कागदावर हे फार चांगलं आहे. प्रत्यक्षात तुम्ही गप्प बसलात तर फुटेज "ओव्हरराईट झालं" असं उत्तर मिळायची भीती असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात पोलीस अधीक्षकांना एक पानी पत्र द्या: अमुक तारखेला अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत, अमुक स्टेशनच्या सगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज जपून ठेवा, ते पुरावा आहे. उत्तर गोव्याचं अधीक्षक कार्यालय पर्वरीला, दक्षिणेचं मडगावला. एक प्रत त्याच स्टेशनच्या पीआयला म्हणजे पोलीस इन्स्पेक्टरला.

कॅमेरा बंद होता असं सांगितलं तर तिथे थांबू नका. त्याच निकालाप्रमाणे कॅमेरे चालू ठेवायची जबाबदारी स्टेशनप्रमुखाची आहे आणि बंद पडला तर त्याने लगेच कॅमेऱ्यांवर देखरेख करणाऱ्या जिल्हा समितीला कळवायचं असतं. मग मागा ते कळवल्याचं पत्र आणि दुरुस्तीची नोंद. ते नसेल तर "बंद होता" या म्हणण्याला आधार काय, हा प्रश्न तुम्ही पुढे लावून धरू शकता.

५. लेखी तक्रार

आधी स्टेशनला द्यायची, मग वर. मला माहीत आहे, ज्यांनी मारलं त्यांच्याकडेच तक्रार द्यायची हे ऐकून डोकं फिरतं. पण पुढे अधीक्षक आणि मॅजिस्ट्रेट दोघेही विचारणार, आधी स्टेशनला दिली होती का? स्वतः जायची भीती वाटत असेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा, शिवाय ईमेल करा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी दुसऱ्या स्टेशनला झीरो एफआयआर नोंदवता येतो, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता स्पष्ट लिहिलंय. ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे.

एफआयआर घेतला नाही तर १७३(४) खाली तोच मजकूर अधीक्षकांना पाठवायचा, तिथेही काही झालं नाही तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५ चा अर्ज, सोबत शपथपत्र. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती दिली की एफआयआर नोंदवणं सक्तीचं आहे हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी निकालात सांगितलंय. नव्या कायद्यात ३ वर्षं किंवा जास्त पण ७ वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळे "चौकशी चालू आहे" म्हणाले तर कुणाच्या परवानगीने आणि कधीपासून ते लेखी विचारा.

आता शिक्क्याबद्दल. काउंटरवरचा माणूस तुमचं पत्र घेतो, टेबलावर ठेवतो, "ठीक आहे, बघतो" म्हणतो. तुम्ही दुसरी प्रत पुढे करता तेव्हा तो म्हणतो शिक्का मारणारा जेवायला गेलाय. बसून राहा. जेवून येईपर्यंत बसा. प्रतीवर गोल शिक्का, तारीख, इनवर्ड नंबर (आवक क्रमांक) आणि सही या चारही गोष्टी आल्याशिवाय उठू नका, नुसता शिक्का असेल आणि नंबर नसेल तर पुढे तो कागद सापडत नाही.

आणखी एक सापळा खास आपल्या गोव्यातला. जबाब बऱ्याचदा इंग्रजीत टाइप केला जातो. तुम्ही मराठीत किंवा कोंकणीत सांगता, तो माणूस ऐकतो आणि आपल्या शब्दांत इंग्रजीत उतरवतो, मग म्हणतो सही कर. "मला कानफटात मारलं आणि पट्ट्याने मारलं" याचं तिथे "धक्काबुक्की झाली" इतकंच उरलेलं असू शकतं. वाचून दाखवायला सांगा, ओळीओळीने मराठीत अर्थ विचारा, सोबत इंग्रजी येणारा भाचा-पुतण्या कुणीतरी ठेवा. तक्रार तुम्ही मराठीतच लिहून देऊ शकता, राजभाषा कायद्याप्रमाणे गोव्यात सरकारी कामासाठी मराठी चालते. आणि तपासात साक्षीदाराचा जो जबाब घेतात त्यावर सही घ्यायचीच नसते, कलम १८१ बघा. कोऱ्या कागदावर तर कुठल्याही परिस्थितीत नाही.

६. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण

हे बहुतेकांना माहीतच नसतं. सुप्रीम कोर्टाने २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंग निकालात प्रत्येक राज्याला पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण नेमायला सांगितलं, निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली. गोव्यात जिल्ह्याजिल्ह्याला नाही, राज्याचं एकच आहे, पणजीत, आणि शिपायापासून वरच्या अधिकाऱ्यापर्यंत तक्रार तिथेच जाते. कोठडीतला मृत्यू, गंभीर मारहाण, बलात्कार, खंडणी, घर किंवा जमीन बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर, या प्रकारच्या तक्रारी हा त्यांचा विषय. वकील लागतोच असं नाही, फी नाही.

तक्रारीसोबत हे जोडा:
- घटनेची तारीखवार हकीकत, दोन-तीन पानांत, भावनेपेक्षा वेळा आणि नावं जास्त
- शपथपत्र, नोटरी केलेलं
- इस्पितळाचे कागद आणि फोटो
- स्टेशन आणि अधीक्षकांना दिलेल्या तक्रारींच्या शिक्क्यासकट प्रती
- सीसीटीव्ही जपून ठेवा म्हणून दिलेलं पत्र
- साक्षीदारांची नावं, पत्ते (त्यांना विचारूनच)
- ओळखपत्राची प्रत

दोन्ही बाजूंना बोलावलं जातं, पोलिसांकडून लेखी उत्तर मागवलं जातं. तारखा पडतात, पोलीस तारीख मागून घेतात, आणि या मधल्या काळातच तुमच्या दारात माणसं येऊ लागतात. आपला गोवा लहान, मारणारा शिपाई कुणाच्या तरी मावशीचा जावई निघतोच. वाड्यावरचा पंच येतो, देवळाच्या कमिटीतले काका येतात, "पोराची नोकरी जाईल रे, मिटवून टाक". त्यांच्याशी नीट बोला, पण कुठेही लिहून देऊ नका. एकदा तुम्ही "गैरसमज होता" असं लिहून दिलं की प्रकरण संपलं. दबाव धमकीच्या पातळीला गेला तर तारीख-वेळ टिपून प्राधिकरणाला लगेच लेखी कळवा.

प्राधिकरणाने तुमच्या बाजूने शिफारस केली म्हणजे कारवाई झाली असं समजू नका. प्रकाश सिंग निकालात या शिफारशी बंधनकारक असाव्यात असं म्हटलंय, पण गोव्यात अजून १८६१ चा इंग्रजांचा पोलीस कायदाच आधार आहे, आणि शिफारस झाल्यावर फाईल ज्या टेबलांवरून जाते तिथे तिला ढकलणारं तुमच्याशिवाय कुणी नसतं. मला या सगळ्या प्रवासात सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल तर याची. मारहाण एका माणसाने एका रात्री केली, पण ती पचवून टाकायचं काम कितीतरी शांत, सभ्य, टेबलामागची माणसं महिनोन्‌महिने करत राहतात, आणि त्यातल्या एकालाही कधी कुणी जाब विचारत नाही.

७. मानवाधिकार आयोग

गोवा राज्य मानवाधिकार आयोगही पणजीतच आहे. घटनेपासून एक वर्षाच्या आत जायचं, नंतर घेत नाहीत. तीच तक्रार राष्ट्रीय आयोगाला आणि राज्य आयोगाला एकदम पाठवू नका, एकाकडे प्रकरण चालू असलं की दुसरा हात काढून घेतो. कुणाकडे काय चालू आहे ते प्रत्येक अर्जात प्रामाणिकपणे लिहा.

८. माहिती अधिकार

फाईल ढकलायचं हत्यार हेच. २००५ च्या कायद्याखाली १० रुपये भरून अर्ज, ३० दिवसांत उत्तर, आणि कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने द्या, चुकीच्या जागी गेला तर त्यांनीच ५ दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो.

"माझ्या तक्रारीवर कारवाई का केली नाही?" असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा. त्या दिवसाच्या स्टेशन डायरीची प्रत, ड्युटीवर कोण कोण होतं त्याचं रजिस्टर, माझ्या अमुक इनवर्ड नंबरच्या तक्रारीच्या फाईलवरच्या सगळ्या टिप्पण्या, खात्याअंतर्गत चौकशी नेमली असेल तर तो आदेश, आणि प्राधिकरणाची शिफारस आली असेल तर त्यावर कुठल्या तारखेला कुणी काय लिहिलं. "तपासात अडथळा येईल" असं सांगून नाकारलं तर कसा अडथळा येईल ते सांगावं लागतं, नुसतं कलम लिहून भागत नाही. ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.

९. हायकोर्ट, आणि वकिलाचे पैसे

काहीच हलत नसेल तर पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ आहे, तिथे राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका. वर सांगितलेले सगळे कागद याच दिवसासाठी असतात. कोठडीतल्या अत्याचारासाठी सरकारकडून नुकसानभरपाई देता येते हे सुप्रीम कोर्टाने १९९३ च्या नीलाबती बेहरा निकालातच मान्य केलंय. पोलिसांवर खटला भरायला सरकारची परवानगी लागते असं सांगून तुम्हाला परत पाठवतील, तर वकिलाला कलम २१८ दाखवायला सांगा, नव्या कायद्यात सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर परवानगी दिली असंच धरलं जातं. शिवाय पट्ट्याने मारणं हे सरकारी कर्तव्य कसं, हा मुद्दा वकील मांडेलच. जुन्या पोलीस कायद्यात मुदतीची कलमं आहेत, म्हणून वकिलाकडे पहिल्याच भेटीत मुदतीचं विचारा आणि तीन महिने उलटू देऊ नका.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीतली व्यक्ती यांना तर उत्पन्नाची अटच नाही. तालुक्याच्या कोर्टात जाऊन विचारलं तरी खोली दाखवतात.

१०. या काळात काय करू नये

पोलिसाच्या अंगाला हात लावू नका, धक्का देऊ नका, त्याचा फोन खेचू नका. सरकारी नोकराला कामात अडथळा म्हणून उलटी केस तयारच असते, पूर्वी आयपीसीचं कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२. व्हिडिओ काढायचा तर थोडं लांबून, शांतपणे. पोलीस स्टेशन हे शासकीय गुपिते कायद्याखालचं प्रतिबंधित ठिकाण नाही असं मुंबई हायकोर्टाने २०२२ मध्ये म्हटलंय, पण तिथे हुज्जत घालून तो मुद्दा जिंकायला जाऊ नका, फोन गेला तर पुरावाही जाईल.

फेसबुकवर त्या पोलिसाचं नाव, घर, बायको-मुलं टाकू नका. राग समजतो, पण बदनामीची केस तुमच्यावर होते आणि मूळ विषय बाजूला पडतो. पत्रकाराकडे जायचं असेल तर शिक्के असलेल्या प्रती घेऊन जा.

सगळ्या कागदांचे तीन संच करा, एक घरी, एक वकिलाकडे, एक भरवशाच्या नातेवाइकाकडे, आणि स्कॅन करून ईमेलवर. मूळ कागद कुणालाच देऊ नका, "साहेबांना दाखवून परत देतो" म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. पुढच्या तारखेला जाताना फाईलच्या पहिल्या पानावर यादी लावा, कुठला कागद, कुठली तारीख, कुठला इनवर्ड नंबर, म्हणजे समोरच्याने "असं काही आलंच नाही" म्हटलं की तुम्ही पान उलटून लगेच दाखवू शकता.